उन्हाळ्यात काय वाचावं? आधी घरी काय चाललंय ते बघू

पुण्यातल्या एका ताईंनी विचारलंय. त्या बँकेत नोकरी करतात. जानेवारीत त्यांचे वडील गेले. आई आता त्यांच्याकडे राहायला आलीय, येताना संगमनेरच्या घरातलं वडिलांच्या पुस्तकांचं एक मोठं खोकं बरोबर घेऊन. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं जूनमध्ये आहे. मुलगा १२ वर्षांचा, इंग्रजी माध्यमातला. इंग्रजी गोष्टींची जाडजूड पुस्तकं दोन दिवसांत संपवतो आणि मराठी पान समोर आलं की अक्षर अक्षर लावत बसतो. मे महिन्यात ९ वर्षांचा भाचा येणार आहे, तो मराठी शाळेतला. ताई स्वतः कॉलेजात असताना आठवड्याला दोन पुस्तकं वाचायच्या. आता चार पानांपुढे जात नाहीत, हात फोनकडे जातो. त्यांना दहा-पंधरा चांगल्या मराठी पुस्तकांची यादी हवीय, म्हणजे सुट्टीत सगळे मिळून वाचतील आणि त्यांचंही वाचन परत सुरू होईल.

ताई, मी अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ३१ वर्षं ग्रंथपाल होते. याच मार्चअखेरीला निवृत्त झाले. पुस्तकांची नावं मी सांगणारच आहे, पण आधी तुमच्या पत्रातलं मला जे दिसलं ते सांगते. तुम्ही विचारलंय एका यादीबद्दल, आणि तुमच्या घरात वाचक आहेत चार. प्रत्येकाचं अडलंय वेगळ्याच ठिकाणी. आईकडे भाषा भरपूर आहे, डोळे साथ देत नाहीत. मुलाचे डोळे तल्लख आहेत, पण ही भाषा त्याच्या जिभेवर रुळलेली नाही. तुमच्याकडे दोन्ही आहे, मन लागत नाही. भाच्याचं तर काहीच अडलेलं नाही, आणि त्याचीही एक वेगळी काळजी घ्यावी लागणार आहे. चौघांना एकच यादी दिली तर पंधरा जूनला शाळा उघडेल तेव्हा त्यातली तेरा पुस्तकं तुमच्या टीपॉयवर तशीच असतील आणि तुम्हाला उगाच अपराधी वाटेल.

पुस्तक सांगण्याआधी घरचं विचारायचं, हे मी एका चुकीतून शिकले. नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली असतील. एक बाई नव्याने सभासद झाल्या. काहीतरी चांगलं द्या म्हणाल्या. तेव्हा ज्या कादंबरीला आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी होती ती मी काढून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडताच त्या पुस्तक परत घेऊन आल्या, काही न बोलता टेबलावर ठेवलं आणि गेल्या. नंतर कळलं, त्यांचे यजमान दोनच महिन्यांपूर्वी गेले होते. त्या कादंबरीत पहिल्या पन्नास पानांतच नायिकेचा नवरा जातो. मला ते माहीत होतं. मी फक्त समोरच्या बाईंबद्दल काही विचारलं नव्हतं. त्या बाई परत यायला सात-आठ महिने लागले. तेव्हापासून देवघेवीच्या टेबलावर मी आधी 'घरी काय म्हणताय' हे विचारत आले. लोकांना ते अघळपघळ बोलणं वाटायचं, माझं ते काम होतं. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला एक आहे 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक'. सगळी गोम त्या 'त्याचं' या शब्दात आहे. ते ओळखायचं तर माणूस सध्या कशातून जातोय हे कळायला हवं.

म्हणून आधी तुमच्याबद्दल. वडील जाऊन तुम्हाला चार-पाच महिने झालेत. या काळात वाचन न होणं हा आळस नाही, आणि सगळा दोष फोनलाही देऊ नका. माझी आई तीन वर्षांपूर्वी गेली. आधीचे आठ महिने ती अंथरुणावर होती. ती गेल्यावर पुढचे चार महिने मी एकही पुस्तक वाचू शकले नाही. दिवसभर बावीस हजार पुस्तकांमध्ये बसत होते, दाखल नोंदी करत होते, लोकांना पुस्तकं काढून देत होते, आणि घरी गेल्यावर एक परिच्छेद तीनतीनदा वाचूनही डोक्यात शिरत नव्हता. मी कुणाला बोलले नाही, ग्रंथपालाने असं सांगायचं तरी कसं.

मग एक दिवस आमचे जुने सभासद, निवृत्त पोस्टमास्तर, पत्नीसाठी पुस्तक बदलायला आले. पत्नीला दिसत कमी होतं, तेच त्यांना वाचून दाखवायचे. म्हणाले, 'मॅडम, पहिलं पान जरा मोठ्यानं वाचता का? वाचायला सोपं जातं का बघू.' दुपारची वेळ, कूलरचा आवाज, वाचनालयात आम्ही दोघंच. मी पहिलं पान वाचलं. त्यांनी थांबवलं नाही म्हणून दुसरंही वाचलं. सहा पानं झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज मधे कुठे मन भरकटलं नाही. मुकाट्याने वाचताना डोळे पुढे जातात आणि मन मागे राहून जातं. मोठ्याने वाचताना तसं जमत नाही, आवाज मनाला धरून ठेवतो. पोस्टमास्तर ते पुस्तक घेऊन गेले. दुसऱ्या प्रतीतून पुढची पानं मी रात्री स्वयंपाकघरात, मोठ्याने, एकटीला वाचून दाखवली.

ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. तुमच्या घरासाठी माझी पहिली शिफारस तीच आहे, आणि ती मोठ्याने वाचण्यासाठी आहे. १९३४ पासून भागाभागाने आलेलं हे आत्मचरित्र. लक्ष्मीबाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या, लग्नानंतर नवऱ्याने लिहायला-वाचायला शिकवलं. म्हणूनच की काय, त्यांचं वाक्य लिहिल्यासारखं नाही, ओट्यावर बसून सांगितल्यासारखं आहे. कविमनाचा नवरा न सांगता घर सोडून जातो, सोवळ्याचं वेड लागलेले वडील आहेत, १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती होतो आणि बाईंच्या पायाखालची जमीन सरकते. इतकं सोसूनही सांगणारीच्या आवाजात कडवटपणा नाही. हसता हसता डोळ्यांत पाणी येतं आणि पुढच्याच ओळीला परत हसू येतं. त्यात मृत्यू आहेत, हे आधीच सांगून ठेवते. पण ते अशा माणसाच्या तोंडून येतात की आपल्या दुःखाला सोबत मिळते. जाड वाटलं तर संक्षिप्त आवृत्तीही मिळते, मे महिन्याला ती पुरे.

तरी हे माणसागणिक बदलतं. काहींना दुःखात दुःखाचं वाचायचं असतं, काहींना त्याच्या जवळपासही जायचं नसतं. आमच्याकडे एक मास्तर होते, पत्नी गेल्यावर वर्षभर त्यांनी फक्त जंगलाची पुस्तकं नेली. मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' त्यांनी चार वेळा नेलं. मेळघाट आमच्या उशाशी, तरी मास्तर कधी तिथे गेले नव्हते. पण पुस्तकात त्यांना एक असं ठिकाण मिळालं होतं जिथे माणसं कमी आणि झाडं-पाखरं जास्त. चितमपल्ली स्वतः आयुष्यभर वनखात्यात राहिले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हा मला आधी आठवण झाली ती या मास्तरांची. तुम्ही त्या जातीच्या असाल तर 'स्मृतिचित्रे' बाजूला ठेवा आणि 'रानवाटा' घ्या. छोटे छोटे लेख आहेत, एक वाचून पुस्तक मिटलं तरी काही अर्धवट राहत नाही.

तुटलेलं वाचन सांधायला मी नेहमी दोनच गोष्टी सुचवते: लांबीने छोटं, किंवा आधी वाचलेलं. पाचशे पानांची गाजलेली कादंबरी 'या सुट्टीत संपवायचीच' म्हणून नेणारे सभासद मी दर वर्षी पाहिले. बहुतेकांच्या पुस्तकातली खूण चाळिसाव्या पानाच्या पुढे गेलेली नसायची. त्यापेक्षा व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' घ्या. एकेक व्यक्तिचित्र चहा निवेपर्यंत वाचून होतं. ते आवडलं तर त्यांचीच १९५५ ची 'बनगरवाडी'. कादंबरी असून शंभर-सव्वाशे पानांची. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळेत रुजू होतो, एवढ्या साध्या गोष्टीतून अख्खं गाव उभं राहतं आणि शेवटी दुष्काळात तेच विस्कटतं. ती मे महिन्यातच वाचावी असं माझं मत आहे. बाहेर जमीन तापलेली असताना त्या वाडीतली धूळ आपल्या तोंडावर येते.

आणि कॉलेजात ज्यावर जीव होता ते एखादं पुस्तक परत वाचा. गोष्ट माहीत असल्यामुळे मनावर ताण येत नाही, भरकटलं तरी वाट चुकत नाही. 'इतकं नवीन आलंय आणि मी जुनंच काय वाचतेय' असं वाटून घेऊ नका. मोडलेला पाय आधी घरातल्या घरातच चालवायचा असतो.

आता आईचं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आणि दुसरा राहिलेला, हा मधला काळ वाचणाऱ्या माणसाला फार जाचतो. चष्म्याचा नंबर पक्का व्हायचा असतो, दोन डोळ्यांना दोन तऱ्हेचं दिसतं. किती वेळ वाचायचं हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, त्यात मी पडणार नाही. पुस्तक निवडताना मात्र माझी एक जुनी परीक्षा आहे. पान आईच्या हातात द्या आणि अनुस्वार दिसतात का विचारा. नजर कमी झाली की अक्षराआधी अनुस्वार जातात, मग रफार, मग ऱ्हस्व-दीर्घ. अनुस्वार दिसत नसतील तर वाक्य अंदाजाने वाचावं लागतं, आणि अंदाजाने वाचणारा माणूस लवकर थकतो. चकचकीत पांढऱ्या कागदापेक्षा जरा पिवळसर कागद बरा. ट्यूबलाइटखाली चकचकीत पान डोळ्यांवर येतं.

आणि तरीही वाचून दाखवणं हा त्यांच्यासाठी खरा मार्ग आहे, त्यांना चालत असेल तर. हे मुद्दाम विचारा. आयुष्यभर स्वतः वाचणाऱ्या काही माणसांना दुसऱ्याने वाचून दाखवलेलं लाचारीचं वाटतं. आमच्या एका आजींना तसं वाटायचं. त्यांना 'तुम्हाला वाचून दाखवतो' म्हटलं की त्या नको म्हणायच्या. मग त्यांच्या नातीला मी म्हणायला शिकवलं, 'आजी, मला नीट वाचता येत नाही, तू ऐक आणि चुकलं की सांग.' आजी दुसऱ्या दिवसापासून वेळेआधी खुर्चीत येऊन बसायच्या.

तुमच्या घरात तर हे खोटं बोलायचीही गरज नाही, कारण तुमच्या मुलाला खरोखरच नीट वाचता येत नाही. ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त आशा इथे दिसली. तुम्ही संध्याकाळी सातला घरी येणार. दुपारभर आजी आणि नातू घरात. त्याने आजीला रोज पंधरा मिनिटं वाचून दाखवायचं. त्याला शब्द अडेल तो आजीला माहीत असेल. फडताळ, माजघर, शिंकाळं, वळचण हे शब्दकोशात शोधून त्याला काही दिसणार नाही. आजी सांगेल की संगमनेरच्या घरात शिंकाळं कुठे टांगलं होतं आणि मांजर त्याच्यावर कशी टपून असायची. त्या सांगण्यात कधीतरी आजोबांची गोष्टही निघेल. तुमच्या समोर कदाचित आई ती सांगत नसेल, तुम्ही रडाल म्हणून. नातवाला सांगेल.

मुलाचं नेमकं काय अडतं ते समजून घ्या. त्याला मराठी आवडत नाही असं पालक म्हणतात. मी शेकडो मुलं टेबलाशी उभी असलेली पाहिली आहेत, अडतो तो वेग. इंग्रजीत तो १२ वर्षांच्या मुलाच्या वेगाने वाचतो आणि मराठीत सात-आठ वर्षांच्या. आठ वर्षांच्या मुलांचं पुस्तक दिलं तर त्याला अपमान वाटतो. बाराव्या वर्षाचं दिलं तर दोन पानांत दमतो. बारीक गोष्टीही आड येतात. जोडाक्षरं तर आहेतच, पण पानावरचे आकडेसुद्धा. इंग्रजी शाळेतल्या कित्येक मुलांना मराठी १ हा नऊ वाटतो. 'एकोणसत्तराव्या पानावर आहे बघ' म्हटलं की गडबडतात, कारण एकोणसत्तर म्हणजे किती हेच त्यांना पटकन उमगत नाही. अशा वेळी हसू नका, आणि वाचताना प्रत्येक चूक दुरुस्तही करू नका. अर्थ बदलत असेल तरच टोका.

त्याच्यासाठी असं पुस्तक हवं ज्यात गोष्ट त्याच्या वयाची आणि वाक्यं छोटी असतील. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' अजूनही या कामाला सगळ्यात चोख आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर सुसाट, जिभेने 'ट्टॉक' करणारा. तुम्ही पुण्यात राहता, फुरसुंगी तुमच्या मुलाला बसच्या पाटीवर माहीत असेल. पहिलं प्रकरण तुम्ही रात्री वाचून दाखवा आणि फेणे संकटात सापडला की पुस्तक मिटून ओट्यावर ठेवून द्या. पुढचं काय ते त्याचं तो बघेल. ही युक्ती मी वाचनालयात शनिवारच्या गोष्टीच्या तासाला वापरायची. गोष्ट संपली की त्या एका पुस्तकासाठी पाच-सहा हात पुढे यायचे.

दुसरं, 'तोत्तोचान'. जपानच्या तेत्सुको कुरोयानागींच्या आठवणी, मराठीत चेतना सरदेशमुख गोसावींनी आणल्या आणि नॅशनल बुक ट्रस्टने काढल्या. प्रकरणं दोन-तीन पानांची, म्हणजे एका बैठकीला एक. पहिल्या शाळेने काढून टाकलेली मुलगी रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत येते, आणि तिथले मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. आजीला हे पुस्तक नातवाइतकंच आवडेल.

तिसरं पुस्तक नाही, मासिक आहे. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. मुलगा स्क्रीनवर वाचायला तयार असतो तर तिथे वाचू दे. त्यावरून भांडण नको. कोडं, चित्रकथा, दोन पानांची गोष्ट, जे हवं ते उचलू दे. तुम्ही लहानपणी वाचलेला एखादा अंक सापडला तर तुम्हीच जास्त वेळ रमाल.

'पाडस' मात्र जपून. राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद मराठीतल्या सगळ्यात सुंदर अनुवादांपैकी एक आहे असं मी मानते. फ्लोरिडाच्या जंगलातला ज्योडी हरणाचं पिलू पाळतो. पण शेवटी त्या पिलाचं जे होतं ते १२ वर्षांचं मूल एकट्याने वाचू नये. आणि या वर्षी तुम्हीही नको. पुढच्या मे महिन्यासाठी राहू द्या.

भाच्याची काळजी म्हटलं ती ही. तो तीन वर्षांनी लहान आणि मराठी भरभर वाचणारा. घरात कुणीतरी, बहुधा एखादे पाहुणे, पटकन बोलून जातात, 'बघ, तुझ्याहून लहान आहे आणि किती छान वाचतो.' त्या एका वाक्याने तुमच्या मुलाचा मराठीशी असलेला धागा वर्षभरासाठी तुटू शकतो. हे मी होताना पाहिलंय. दोघांना एकाच पुस्तकातून एकामागून एक वाचायला लावू नका. भाच्याने तुमच्या मुलाकडून इंग्रजी गोष्ट ऐकावी, मुलाने भाच्याकडून मराठी. दोघंही एकेका जागी मोठे आणि एकेका जागी लहान.

सगळ्यांनी मिळून वाचायचं, हा तुमचा मूळ विचार मला आवडला, पण रोज नको. आठवड्यातून दोन रात्री पुरे, जेवण झाल्यावर वीस मिनिटं. त्यासाठी पु. लं.चं 'व्यक्ती आणि वल्ली'. मे महिना लग्नसराईचा, तेव्हा सुरुवात 'नारायण'पासून करा. प्रत्येक कुटुंबात एक तरी नारायण असतोच, तुमच्याकडचा कोण यावर आईला बोलण्यासारखं खूप असेल. नाट्य करून वाचायची गरज नाही, स्वल्पविराम सांभाळले तरी हशा येतो. तुमच्या घरी हळवं पुस्तक चालेलसं वाटलं तर प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. आजी-आजोबांकडे राहणारा लंपन, बेळगावकडचं कानडी हेल असलेलं मराठी आणि दर पानाला त्याचं ते 'मॅड'. मुलाला सगळं समजणार नाही, तुम्हाला आणि आईला मात्र ते आत शिरेल. ही चार पुस्तकांची मालिका आहे आणि पुढे तिच्यात वडिलांचा मृत्यू येतो. 'वनवास' आता वाचा, पुढची पुस्तकं तुम्हाला वाटेल तेव्हा.

म्हणजे दुपारी नातू आणि आजी, 'फास्टर फेणे' किंवा 'तोत्तोचान'. आठवड्यातून दोन रात्री सगळे, 'नारायण'पासून. आणि झोपण्याआधी तुम्ही एकट्या, दोन-तीन पानं, जमलं तर मोठ्याने. महिनाभरात यातली चार पुस्तकं झाली तरी भरपूर झालं.

पुस्तकं विकत घेण्याआधी वाचनालयात जा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगाव अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत आणि पुण्यात तर पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून. मुलाचं कार्ड त्याच्या स्वतःच्या नावाने काढा. स्वतःच्या सहीने पुस्तक नेणारं मूल वेगळं चालतं, हे मी टेबलाच्या या बाजूने बघितलंय. त्याने निवडलेलं पुस्तक तुम्हाला टुकार वाटलं तरी नेऊ द्या. तुम्हाला दहा दिवसांची रजा मिळणार असेल तर पाचगणीजवळच्या भिलारला एक दिवस काढा. २०१७ च्या मे महिन्यात ते पुस्तकांचं गाव झालं. लोकांच्या घरांत पुस्तकांची कपाटं आहेत, कुठे कादंबऱ्या, कुठे बालसाहित्य, कुठे इतिहास. जाऊन बसायचं आणि वाचायचं. स्ट्रॉबेरीचा हंगाम तोवर संपलेला असेल, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

माझ्याकडचंही सांगते, तुम्ही मोकळेपणाने सगळं लिहिलंत म्हणून. निवृत्तीनंतरचा हा माझा पहिला उन्हाळा. इतकी वर्षं एप्रिल-मे म्हणजे पुस्तकांची मोजणी, बांधणीला जाणारे गठ्ठे, कपाटांतली कसर, आणि सुट्टीतल्या मुलांची गर्दी. यंदा सकाळी आठ वाजले की पाय आपोआप चपलेकडे जातात. हैदराबादची मुलगी तिच्या आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन आलीय. रात्री बाळ झोपलं की ती थकून माझ्या शेजारी आडवी होते आणि म्हणते, 'आई, तू वाच, मी नुसती ऐकते.' आम्ही 'स्मृतिचित्रे'च वाचतोय. ती दोन पानांत झोपते, मी पुढची चार वाचते, आणि दुसऱ्या दिवशी परत तिच्यासाठी मागे जाते. या वेगाने ते पुस्तक दिवाळीपर्यंत चालेल. चालू दे.

एक राहिलं, ते खोकं. तुम्ही लिहिलंय की ते उघडवत नाही आणि कुणाला देऊनही टाकवत नाही. दोन्हीची घाई नाही. वडिलांची पुस्तकं एखाद्या वाचनालयाला द्यावीत का, हा निर्णय पहिल्या वर्षात घेऊ नका. वर्षश्राद्धाआधी पुस्तकं देऊन टाकलेली आणि नंतर एखादं परत मिळेल का म्हणून विचारत आलेली मुलंमुली मी पाहिली आहेत. तोवर त्यावर दाखल क्रमांक आणि शिक्का पडलेला असतो. समासात त्यांच्या हाताने ओढलेल्या रेघा असतील, त्या कधी बघायच्या ते तुमचं तुम्हाला कळेल. कदाचित आईला आधी बघायच्या असतील, तिला विचारा.

पण ते खोकं जर गॅलरीशेजारी फरशीवर असेल तर याच आठवड्यात उचला. खाली दोन विटा आणि एक फळी, भिंतीपासून वीतभर लांब. तीन आठवड्यांत पाऊस येईल, आणि पुठ्ठा फरशीची ओल खालून धरतो. वरून हात लावून ती कळत नाही.